नळ त्यांच्या हाती, देणे आपल्या माथी

पाणीपुरवठ्याच्या खाजगीकरणाचा विषय शाखेच्या बैठकीत निघाला की एक प्रश्न हमखास येतो : हे महापालिका कामगारांचे दुखणे, आपण रेल्वे आणि टपालवाले, आपला संबंध काय? प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर म्हणून एका देशाची हकिगत सांगतो. तिथे रेल्वे, पाणी आणि टपाल ही तिन्ही खाती एकाच राजवटीने, एकाच दशकात आणि अगदी त्याच युक्तिवादाने खाजगी कंपन्यांच्या हवाली केली. तो देश अर्जेंटिना.

राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम १९८९ साली सत्तेवर आले तेव्हा तिथल्या रेल्वेत नव्वद हजारांच्या आसपास कामगार होते. दशक संपताना वीस हजारही उरले नाहीत. "जो मार्ग संप करील, तो मार्ग बंद होईल" ही मेनेम यांची धमकी तिथे म्हणीसारखी झाली आहे. टपालसेवा १९९७ मध्ये एका उद्योगसमूहाला दिली गेली आणि २००३ मध्ये सरकारला ती परत ताब्यात घ्यावी लागली. या दोन्हींच्या मधोमध, १ मे १९९३ रोजी (तारीख पाहा, कामगारदिन!) राजधानी ब्युनोस आयर्स आणि तिच्या उपनगरांचे पाणी व मलनिःसारण तीस वर्षांच्या करारावर एका फ्रेंच कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाकडे सोपवण्यात आले.

निविदा गाजली ती सवलतीमुळे. चालू दरात २६.९ टक्के कपात करू, असे या गटाने लिहून दिले होते. मात्र त्याआधीच्या दोन वर्षांत सरकारने स्वतःच दर चढवून ठेवले होते. आधी किंमत वाढवून मग सूट जाहीर करायची, हे तंत्र सणासुदीच्या कापड-सेलमध्ये आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पुढे सव्वा वर्षात, १९९४ मध्ये, कंपनीने १३.५ टक्के दरवाढ मिळवली.

आता 'गुंतवणूक' या शब्दाकडे वळू. सरकारजवळ पैसा नाही, खाजगी कंपनी भांडवल आणील, हा सगळ्या युक्तिवादाचा पाया. प्रत्यक्षात कंपनीने बराच पैसा आणला तो कर्जाऊ, आणि तोही डॉलरमध्ये. जागतिक बँक गटातील वित्तसंस्था या कंपनीची सावकारही होती आणि पाच टक्क्यांची भागीदारही! नवा नळ हवा असलेल्या गरीब वस्त्यांवर जोडणीपोटी शेकडो डॉलरचा आकार बसवला. तो वसूल होईना, तेव्हा १९९७ मध्ये करार बदलून हा भार सर्व ग्राहकांच्या बिलात टाकला. म्हणजे भांडवल घालायचे ते ग्राहकाने, आणि कर्जाची जोखीम देशाने. जानेवारी २००२ मध्ये पेसो कोसळला, सरकारने दर गोठवले, आणि डॉलरचे कर्ज कंपनीच्या गळ्याशी आले. मार्च २००६ मध्ये करार रद्द झाला. पण २०१५ साली आंतरराष्ट्रीय लवादाने कंपनीच्या भागधारकांना ४० कोटी ५० लाख डॉलर देण्याचा निवाडा दिला. देणार कोण? अर्जेंटिनाचा करदाता.

खोटे कशाला बोला, या काळात लाखो लोकांच्या घरी नळ आले. पण नळाचे बिल लगेच येते, गटाराला मात्र खोदाई अधिक आणि मिळकत उशिरा. त्यामुळे नळ पुढे धावले आणि गटारे मागे राहिली. ज्या उपनगरांत लोक पूर्वी जमिनीखालचे पाणी उपसत, तिथे नदीचे शुद्ध पाणी आले. उपसा थांबला, आणि वापरलेले सगळे पाणी शोषखड्ड्यांतून जमिनीतच मुरू लागले. भूजल वर चढले. शोषखड्डे उफाळले, तळघरांत पाणी साचले, घरांच्या भिंतींना ओल धरली. नळाने आलेले पाणी घाण होऊन जमिनीतून परत घरात शिरावे, ही स्थिती कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. बेराझातेगी येथील मोठे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पुढे ढकलले गेले, ते उभे राहिले पाणी पुन्हा सरकारी कंपनीकडे आल्यावरच.

आणि कामगार? जुन्या सरकारी खात्यात सुमारे साडेसात हजार लोक होते. स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली ही संख्या चार हजारांच्या आसपास आणली गेली. उरलेले बरेच काम ठेकेदारांकडे गेले. संघटना लढली नाही. तिने नव्या कंपनीचे दहा टक्के समभाग कामगारांसाठी घेतले आणि खाजगीकरणाला संमती दिली. त्या संघटनेला गद्दार म्हणणे सोपे आहे, आम्ही म्हणणार नाही. महागाईने पगाराची माती होत असताना हातात येणारा कागद कोण नाकारील? पण दरवाढ झाली की ज्याचा लाभांश वाढतो, त्याला दरवाढीविरुद्ध बोलायला तोंड राहत नाही. ग्राहक एका बाजूला, कामगार दुसऱ्या बाजूला, ही फाळणी त्या दहा टक्क्यांत होती.

बोलिव्हियातील कोचाबाम्बा शहराने नेमके उलटे केले. तिथे १९९९ मध्ये एकाच बोलीदाराला चाळीस वर्षांचा करार दिला गेला, किमान पंधरा टक्के नफ्याच्या हमीसह. नव्या कायद्यामुळे लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरींवरही गदा येणार होती. आंदोलनाचे बिऱ्हाड थाटले गेले ते कारखाना कामगार महासंघाच्या कचेरीत. तिचे नेते ऑस्कर ओलिव्हेरा हे चपलाबुटांच्या कारखान्यातले कामगार. पाणीखाते त्यांचे नव्हे, पगारवाढीची मागणीही नव्हती. तरी शेतकरी, विहीरवाले, गल्लीतल्या बाया या सगळ्यांना त्या कचेरीचे दार उघडे होते. एप्रिल २००० मध्ये, सतरा वर्षांच्या एका मुलाचा बळी गेल्यानंतर, करार रद्द झाला. कंपनीने किमान अडीच कोटी डॉलरचा दावा लावला होता, तो जगभर टीका झाल्यावर २००६ मध्ये नाममात्र दोन बोलिव्हियानोवर मिटवावा लागला.

हेही सांगितले पाहिजे की विजयानंतर सरकारी पाणीसंस्था एकदम सुधारली नाही. शहराच्या दक्षिणेकडील गरीब वस्त्या पुढे अनेक वर्षे टँकरवरच होत्या. कंपनीला हाकलणे हे अर्धे काम.

आता आपल्याकडे. नागपूर हे रेल्वेचे आणि टपालाचे मोठे ठाणे. तिथला पाणीपुरवठा २०१२ मध्ये पंचवीस वर्षांच्या करारावर खाजगी चालकाकडे गेला. सुरुवातीच्या प्रकल्पखर्चापैकी सत्तर टक्के रक्कम केंद्र व राज्याच्या अनुदानातून, तीस टक्के चालकाने आणायची, अशी विभागणी होती. गुंतवणूकदार कोणाला म्हणायचे, हे वाचकांनीच ठरवावे. जागतिक बँकेनेच २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कबूल केले आहे की पाण्यात खाजगी कंपन्यांकडून अपेक्षिलेले भांडवल फारसे आले नाही. झाला तो फायदा कारभाराच्या सुधारणेत. कारभार सुधारायला परदेशी भागधारक लागतो का, हे मीटर वाचणाऱ्याला आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला विचारून पाहावे.

म्हणून बैठकीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर असे : टपाल खिडकीवर आणि फलाटावर जो माणूस रोज आपल्याला भेटतो, तोच नळावरही उभा असतो. त्याच्या पाण्यासाठी आपल्या शाखेची कचेरी उघडली, तर उद्या आपल्या खात्यावर पाळी आली असता तो आपल्याकडे येईल.

अर्जेंटिनात ती पाळी पुन्हा आली आहे. २०२४ मध्ये नव्या सरकारने जो कायदा मंजूर करून घेतला, त्यातील खाजगीकरणाच्या यादीत राजधानीची पाणी कंपनी आहे, मालवाहू रेल्वे आहे, प्रवासी रेल्वेही आहे. टपालखाते मूळ यादीत होते, सिनेटमधल्या ओढाताणीत ते वगळावे लागले.