पांजरपोळाची पावती

क्षमावणी झाली त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक वहिनी पेढे घेऊन आल्या. थोरल्याला जर्मनीत नोकरी लागली. तो, सून आणि नात महिन्याभरात निघणार, आणि वहिनी-भावजी धाकट्याकडे पुण्याला. तोंड गोड झालं. उठता उठता म्हणाल्या, "अक्का, ओळखीचं कुठलं पांजरपोळ आहे का हो? आमच्या राजाला ठेवायचं होतं. देणगी देऊ की. पावती मिळते नव्हे?"

राजा म्हणजे त्यांचा कुत्रा. सहा वर्षांचा, नातीच्या बरोबरीनं वाढलेला.

आठवड्यापूर्वीच आपण सर्व जीवांची क्षमा मागितली होती. त्या सर्व जीवांत दारातला हा एक बसत नव्हता, असं म्हणायचं का?

"नेता येत नाही हो," हे पहिलं उत्तर. ते खरं नाही. आधी पंधरा आकडी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस. क्रम उलटा चालत नाही. लशीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासायचं. प्रमाण ०.५ किंवा जास्त भरलं, तर रक्त काढल्या दिवसापासून ३ महिने थांबायचं. मग डॉक्टरांचा दाखला आणि मुंबई, बेंगळुरूसारख्या ठिकाणच्या सरकारी पशु संगरोध केंद्राचे कागद. सगळं मिळून चार-पाच महिने लागतात. सूनबाई वर्षभर जर्मन शिकत होत्या, नातीची शाळा शोधून झाली होती. राजाची आठवण शेवटच्या महिन्यात आली. वेळ होता, मनात आलं नाही, एवढंच.

ऑस्ट्रेलियाचं तसं नाही. तिथं भारतातून जनावर थेट घेतच नाहीत; आधी त्यांच्या यादीतल्या दुसऱ्या देशात ठेवावं लागतं. म्हणून तर म्हणते, कुठल्या देशाचे काय नियम ते व्हिसाच्या फॉर्मबरोबरच विचारा.

दुसरं उत्तर खर्चाचं. "कुत्र्यापायी एवढा पैसा? परिग्रहच तो." बाईसाहेब, पंचकल्याणकात इंद्र-इंद्राणीची बोली चढते तेव्हा परिग्रह कुठं जातो?

तिसरं उत्तर वडीलधाऱ्यांचं. "मुळात कुत्रं पाळणंच चूक. जीवाला बांधणं ते." असेल. पण हा प्रश्न सहा वर्षांपूर्वी, पिल्लू टोपलीतून आणलं त्या दिवशी विचारायचा होता. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. घरचं कुत्रं अनोळखी जागी सोडलं की कित्येकदा ते अन्नाला तोंड लावत नाही. हा अन्नपाननिरोध कुणाच्या खात्यावर? आणि ज्या जीवंधरकुमाराची कथा आपण लेकरांना सांगतो, त्यानं मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार म्हटला. त्याच्याजवळ बसला तो. पावती फाडून निघून गेला नाही.

पांजरपोळाला मी नावं ठेवत नाही. भाकड, जखमी गुरांसाठी ती माणसं राबतात. पण ज्याला घर आहे, त्याला तिथं लोटून त्याला जीवदया म्हणू नका.

एक आक्षेप मात्र खरा. विमानाच्या पोटात पिंजऱ्यात तासन्‌तास राहणं हाही त्रासच. म्हातारं, आजारी किंवा पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल, तर डॉक्टर नको म्हणतील, ते ऐकावं. मग ते ओळखीच्या माणसाकडे राहू दे. आधी दोन-तीन महिने त्या घरी नेत जा, त्याचं अंथरूण द्या, महिन्याचे पैसे पाठवा. तेही सांभाळणंच.

मी हे वरून बोलत नाही. ह्यांची हुबळीला बदली झाली, तेव्हा आमच्या चंपीला आम्ही शेतावर सोडलं. "मोकळी राहील," असं मीच म्हणाले. पंधरा दिवसांनी गडी सांगत आला, रोज सांजच्याला ती रस्त्याच्या कडेला जाऊन बसते. पुढचं मी विचारलं नाही. घरात तिला भाकरी घालणारी मी, आजारपणात उशाशी बसणारी मी, आणि सोडायची वेळ आली तेव्हा 'घरातल्यांनी ठरवलं' म्हणून गप्प बसणारीही मीच. आपण बायका हे फार करतो. जीव लावायचं काम आपलं, आणि निर्णय मात्र दुसऱ्यांचा, असं म्हणून सुटून जातो.

वहिनींना मी पांजरपोळाचा नंबर दिला नाही. जनावरांच्या डॉक्टरांचा दिला. म्हटलं, कागद सूनबाईंच्या नावे करा. थोरला पुढं जाऊ दे. सून आणि नात चार-पाच महिन्यांनी राजाला घेऊन जातील. तोवर तुम्हीही इथं थांबा. मालकीण आणि जनावर पाच दिवसांच्या आत पोचलं की झालं.

वहिनी रागावून गेल्या. पुढच्या क्षमावणीला त्या आणि मी एकमेकींची क्षमा मागू. राजाकडे कोण जाणार, ते त्यांनी ठरवायचंय, आणि अजून वेळ आहे.