पिशवीवरचं पीक आन् ॲपवरचा समुद्र

सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर कधी मरतुकडं पीक छापलेलं बघितलंय का? नाही ना? तिथं कायम कमरेएवढं हिरवंगार रान, शेंगांनी लगडलेलं झाड आणि बाजूला दात काढून हसणारा शेतकरी. पेरल्यावर काय उगवतं ते आपण २०२० च्या खरिपात बघितलं. बियाणं उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यातून इतक्या बातम्या आल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आता मोबाईलवर समुद्रकाठच्या आलिशान हॉटेलांचे फोटो काढून बघा. निळं पाणी, पांढरा पलंग, खिडकीत लाटा. माल तोच, फक्त पिशवी बदललेली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे पाच जण कोकणात गेलो होतो. मी, बायको, दोन लेकरं आणि आई. आईचं वय सत्तर. तिनं गोदावरीचा पूर बघितला, दुधना कोरडी पडलेली बघितली, येलदरीचं धरण भरलेलं बघितलं. समुद्र मात्र कधीच बघितला नव्हता. गुडघे पुरते जायच्या आत एकदा दाखवावा म्हणून दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. किनाऱ्याला लागून असलेलं, पाच तारे मिरवणारं हॉटेल. दोन खोल्या, दोन रात्री. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं ९,८०० रुपये. म्हणजे ३९,२००. साडेसात हजारांच्या वरची खोली म्हणून १८ टक्के जीएसटी, ७,०५६. एकूण ४६,२५६ रुपये, सगळे आगाऊ.

परभणीच्या भाषेत सांगतो. २०२५-२६ च्या हमीभावानं, म्हणजे ५,३२८ रुपयांनी धरलं तर हे साडेआठ क्विंटलपेक्षा जास्त सोयाबीन झालं. आणि हमीभाव मोंढ्यात किती जणांच्या हाती पडतो ते तुम्हाला माहितीच आहे.

रात्रभर नांदेड–पनवेल गाडी, पनवेलहून पुढं भाड्याची जीप. पोचलो तर ‘समुद्राकडं तोंड असलेल्या’ दोन्ही खोल्यांचं तोंड वाहनतळाकडं. खिडकीखाली जनरेटर. समुद्र दिसायचा, नाही असं नाही. न्हाणीघरातल्या झरोक्यातून, बादली पालथी घालून वर चढलं की. आई म्हणली, “बाबा, समुद्र कुठाय रे?” तिला काय सांगणार?

लिफ्ट बंद, खोल्या दुसऱ्या मजल्यावर. पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी रिकामा. ॲपवर मात्र त्याच तलावात लेकरं डुंबतानाचा फोटो. संध्याकाळी वाळूवर जावं म्हणलं तर मागचं फाटक बंद, कारण कुणाच्या तरी लग्नाचा मांडव थेट वाळूवर टाकलेला. जेवणाच्या बिलात न विचारता १० टक्के ‘सर्व्हिस चार्ज’.

व्यवस्थापकाकडं गेलो. त्यानं शांतपणे सांगितलं, “सर, फोटो फक्त संदर्भासाठी असतात.” कुठून आलात, परभणी का, असं विचारून जरासा हसलासुद्धा. त्या हसण्याचा अर्थ ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. लांबून आलेत, मुक्काम उठवून परत कसे जाणार, चार दिवस कुरकुर करतील आन् गप बसतील, असा त्याचा साधा हिशोब होता. ॲपच्या मदत क्रमांकावर फोन केला तर ते म्हणाले हॉटेलशी बोला. हॉटेल म्हणालं ॲपशी बोला. शेवटी मेहेरबानी केल्यासारखं ५,००० रुपयांचं कूपन देऊ केलं, तेही कधी वापरायचं? परत त्याच हॉटेलात उतरलं तर!

पोरं राबत होती बिचारी, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी चहा देणारा मुलगा रात्री साडेअकराला ताटं उचलत होता. लबाडी त्यानं केलेली नाही, ती भाड्याच्या दरात आधीच घातलेली होती.

इथं कुणीतरी म्हणणारच, “साहेब, इकडं शेतकरी मरतोय आन् तुम्ही पंचतारांकित हॉटेलचं रडगाणं लावलंय.”

थांबा. हे रडगाणं सार्वजनिक का आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, या धंद्याला आपण सगळे मिळून पोसतो. महाराष्ट्र सरकारनं आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी झालेल्या पात्र हॉटेलांना वीज, पाणी, मालमत्ता कर व्यावसायिक ऐवजी औद्योगिक दरानं लावायचं ठरलं. २०२४ च्या पर्यटन धोरणात आणखी सवलती आल्या. ठीक आहे, रोजगार वाढत असेल तर द्या. पण ज्यांना सवलत देता त्यांनी गिऱ्हाईकाला दाखवलेला माल द्यावा, एवढी तरी अट कुणी तपासतं का? आपल्याकडं रात्रीच्या विजेसाठी शेतकरी विंचूकाट्यात उभा असतो. ज्या तिजोरीतून त्याची वीज यायची त्याच तिजोरीतून त्या जनरेटरवाल्याची सूट जाते. मग विचारायचा हक्क आपला नाही तर कुणाचा?

दुसरी गोष्ट, समुद्र. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलसमोरच्या वाळूवर शहाळी विकणारी एक बाई आली. सुरक्षारक्षकानं शिट्टी मारून तिला हाकललं. “ही आमची प्रायव्हेट जागा आहे,” असं तो म्हणाला. त्याला तसं शिकवलेलं होतं. मंडळी, असा खासगी समुद्र महाराष्ट्रात नसतो. भरतीच्या रेषेखालची समुद्राची जमीन सरकारची, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं, १९६६ च्या कायद्याचं कलम २० सांगतं. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. किनाऱ्यावरच्या दोन हॉटेलांच्या मधे लोकांना वाळूवर जाण्यासाठी किमान २० मीटरची मोकळी वाट हवी आणि कुंपणानं लोकांची वहिवाट अडता कामा नये, असं त्या नियमांत आहे. देखरेखीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिच्यात स्थानिक मच्छीमारांचे प्रतिनिधी असायला पाहिजेत.

म्हणजे बघा, जी वाळू त्यांच्या मालकीची नाही ती दाखवून आमच्याकडून पैसे घेतले. ज्यांची वहिवाट तिथं पिढ्यान् पिढ्या आहे त्यांना शिट्टी मारून हाकललं. आणि पैसे भरलेल्यांनाही मांडवासाठी आतच कोंडलं. एकाच फाटकानं दोघांना लुटलं. आपल्याकडं कुणी पाणंद रस्ता नांगरून वावरात घेतला तर तहसीलदारापर्यंत भांडण जातं. हे त्याच जातीचं काम आहे, फक्त इथं बांधावर नारळाची झाडं लावलेली आहेत.

तिसरी गोष्ट, तारे. हॉटेलला तारे देण्याची अधिकृत पद्धत केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची आहे. समिती येऊन तपासणी करते, खोल्या, न्हाणीघरं, स्वयंपाकघर, सुरक्षा बघते, मग वर्गीकरण मिळतं आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. पण ही पद्धत ऐच्छिक आहे. तिच्याकडं न जाताही हॉटेल चालवता येतं, आणि ॲपवर नावापुढं चमकणारे तारे सरकारी तपासणीचेच असतील असं काही नाही. दुकानदारानं स्वतःच वजनमाप तयार करून स्वतःच त्यावर शिक्का मारावा, तसा प्रकार. मोंढ्यात काटा मारला तर आपण आरडाओरडा करतो, मग इथं का नाही?

आणि ॲपवाले? “फक्त १ खोली शिल्लक”, “आत्ता १४ जण हेच हॉटेल बघताहेत”, असं लिहून घाई करायला लावतात. आधी कमी भाडं दाखवून शेवटच्या पानावर शुल्क वाढवतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादीच काढली. खोटी घाई आणि थेंबाथेंबानं वाढणारी किंमत, दोन्ही त्या यादीत आहेत. बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, हे त्याच प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं होतं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तरी बिलावर ते १० टक्के होतेच. हे बंधनकारक नाही असं मी सांगितल्यावर काय झालं? दोन मिनिटांत नवीन बिल, चार्ज गायब. म्हणजे नियम त्यांना पाठ होता. कोण विचारतंय याचीच ते वाट बघत होते.

आता त्या शेतकऱ्याच्या मुद्द्याकडं येतो.

ज्या कायद्यानं हॉटेलला जाब विचारता येतो, त्याच कायद्यानं बियाणं कंपनीलाही विचारता येतो. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचात दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २०१२ ला राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केलं. कंपन्यांचं म्हणणं होतं की बियाणे कायदा वेगळा आहे, शेतकऱ्यानं इकडं यायचंच नाही. कोर्टानं ते मानलं नाही.

म्हणून ‘शेतकरी की हॉटेल’ असा झगडा लावू नका. न उगवलेली पिशवी आणि न दिसलेला समुद्र, दोन्हीकडं एकच धंदा आहे. चित्र दाखवायचं, पैसे आगाऊ घ्यायचे, आणि तक्रार आली की “परिस्थितीवर अवलंबून असतं” म्हणायचं. दोन्हीकडं त्यांचं भांडवलही एकच, आपलं ‘जाऊ द्या’.

आमच्या नातेवाइकांनीही हाच सल्ला दिला. “जाऊ दे रे, पैसे गेले, वरून कोर्टाच्या चकरा कामून?” हे ‘जाऊ दे’ फार महाग पडतं, मंडळी. एकानं जाऊ दिलं की पुढच्याला तीच खोली दुप्पट फोटो लावून विकली जाते.

आणि चकरांचं भूत दाखवणाऱ्यांसाठी नीट सांगतो, कारण ही माहिती परभणीत अजून पुष्कळ लोकांना नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ प्रमाणं तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे हॉटेल कोकणात असो, गोव्यात असो, ॲपचं ऑफिस कुठल्याही महानगरात असो, तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. यायचं तर त्यांनी यायचं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार ऑनलाइन भरता येते. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात. त्यापुढं सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० ला सांगून ठेवलंय.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करा. आणि पुरावा जपा. बुकिंग करताना दिसलेल्या पानाचा, फोटोंचा, दराचा स्क्रीनशॉट. पोचल्यावर खोलीचा, खिडकीतून काय दिसतं त्याचा व्हिडिओ. तक्रार तोंडी करू नका, मेल करा. बिल फाडू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला याच कायद्याच्या कलम २१ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. फुकटात राहून “स्वर्ग आहे स्वर्ग” अशी रील टाकणाऱ्यांनीही हे कलम वाचावं, त्यात जाहिरातीत शिफारस करणाराही येतो.

माझी तक्रार परभणीच्या आयोगात दाखल झालेली आहे. प्रकरण आयोगापुढं असल्यानं हॉटेलचं आणि ॲपचं नाव इथं लिहीत नाही. कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका, विचारूही नका. निकाल काय लागायचा तो लागेल.

पण सरकारकडं मागणी आजच आहे, त्याला निकालाची वाट बघायची गरज नाही. सवलत घेणाऱ्या प्रत्येक हॉटेलनं आपलं वर्गीकरण प्रमाणपत्र आणि त्याची मुदत दारावर आणि ॲपवर लावावी. नसेल तर तारे काढावेत. विकलेल्या प्रत्येक खोलीचा खरा फोटो, खिडकीबाहेरच्या दृश्यासकट, बंधनकारक करावा. किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलच्या बाजूला ‘समुद्राकडं जाणारी सार्वजनिक वाट’ असा मराठी फलक जिल्हाधिकाऱ्यांनी लावावा. आणि ज्याचं फाटक ती वाट अडवेल त्याची वीजदराची सवलत त्याच महिन्यापासून बंद. एवढं करायला नवीन कायदाच कशाला लागतो? एक शासन निर्णय काढा, सुरुवात तर होईल.

आपल्या आमदार-खासदारांनाही सांगणं आहे. अधिवेशनात मराठवाड्याचा माणूस म्हणजे फक्त दुष्काळाचा आणि अतिवृष्टीचा आकडा नसतो. तो पैसे साठवून लेकराबाळांना समुद्र दाखवायला नेणारा माणूसही आहे. त्याच्या वतीनं एक तारांकित प्रश्न विचारा. हॉटेलांचे तारे खोटे असतील, तुमच्या प्रश्नाचा तरी खरा असू द्या.

ज्यांच्याकडं असं बिल, असा फोटो, अशी न उगवलेली पिशवी पडून असेल त्यांनी तारीख बघा. दोन वर्षं झाली नसतील तर अर्ज लिहायला बसा. जमत नसेल तर माझ्याकडं या, मसुदा मी लिहून देतो, पैसे लागणार नाहीत. पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तरी तेवढा नंबर लिहून ठेवा. १९१५.