शब्दामागचा शब्द : ‘कलर’ कॉमेंटेटर म्हणजे कोण?



या वेळी आळंदीहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. तिचा प्रश्न एका इंग्रजी शब्दाबद्दल आहे. पण त्यामागची हकिगत इतकी छान आहे, की आधी तीच सांगतो.

तिच्या आजीची नजर काचबिंदूमुळे गेली. पूर्वी ज्येष्ठ वद्य अष्टमीला, म्हणजे माउलींच्या पालखीच्या प्रस्थानाला, आजी सकाळपासून देवळात असायची. आता तेवढ्या गर्दीत तिला नेता येत नाही. म्हणून नातीने तिला रस्त्याकडच्या गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, “आजी, मी सांगते तुला सगळं!”

आणि लागली की सांगायला! माउलींचे अश्व बेळगावजवळच्या अंकलीहून येतात. एकावर स्वार असतो; दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. देवळाचा कळस हलला की माउलींची निघायची आज्ञा झाली, असं मानतात. शाळेतला सगळा निबंधच तिने म्हणून दाखवला म्हणा ना!

आजीने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अगं, ह्ये समदं मला ठावं हाय. पालखी कुठवर आली त्ये सांग की!”

शेजारी उभा असलेला दादा हसला. “तू नुसतीच कलर कॉमेंटेटर झालीस. आजीला प्ले-बाय-प्ले पाहिजे!”

आता आमची मैत्रीण विचारते, “हे दोन शब्द काय आहेत? आणि कलर म्हणजे कोणता रंग?”

बघा हं, गंमत आहे. तुम्ही टीव्हीवर सामना बघता, तेव्हा बहुधा दोन जण बोलत असतात. एक जण घडतं तसं सांगत जातो : गोलंदाज धावत आला, चेंडू टाकला, फलंदाजाने तटवला, धाव नाही. याला अमेरिकेत म्हणतात प्ले-बाय-प्ले कॉमेंटेटर. आपल्या भाषेत, धावतं वर्णन करणारा. दुसरा मधल्या फटीत बोलतो : तो चेंडू का वळला, या फलंदाजाची खोड कोणती, मागच्या वेळी इथे काय झालं होतं. हा कलर कॉमेंटेटर. बहुतेक वेळा तो स्वतः खेळाडू असतो. इंग्लंडच्या रेडिओवर त्याला समरायझर म्हणतात आणि आपण म्हणतो तज्ज्ञ किंवा एक्स्पर्ट.

मग यात रंग कुठला? पिवळा नाही नि निळा नाही. आपण म्हणतो ना, ‘गोष्ट रंगवून सांगितली’, ‘कीर्तन रंगलं’? तोच हा रंग. कोरड्या वर्णनात जीव ओतणारा. पण रंग भरायला आधी चित्र काढलेलं असावं लागतं. आजीची तक्रार तीच होती!

आता शब्दांची मुळं उकरू या. ‘कॉमेंटरी’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी अर्थ आहे मनात घोळवणे, विचार करणे. आपला शब्द आहे ‘समालोचन’. त्यात ‘लोचन’ दडलेलं दिसतं का? लोचन म्हणजे डोळा. समालोचन म्हणजे नीट, सगळ्या बाजूंनी पाहणे. इंग्रजी शब्दात मन आहे आणि मराठी शब्दात डोळा. चांगल्या समालोचनाला दोन्ही लागतात.

आणि आळंदीच्या मुलांनो, तुमच्यासाठी खास. इंग्रजी पुस्तकांत ज्ञानेश्वरीला गीतेवरची ‘कॉमेंटरी’ म्हणतात! चकित होऊ नका. ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणं यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे. आपला जुना शब्द ‘टीका’. आज टीका म्हणजे दोष काढणे असं आपण धरतो. पण ज्ञानेश्वरी ही ‘टीका’ आहे, ती अर्थ सांगणारी.

गीतेत आंधळा धृतराष्ट्र संजयाला पहिलाच प्रश्न काय विचारतो? माझ्या मुलांनी आणि पांडवांनी काय केलं? म्हणजे तुमच्या आजीचाच प्रश्न : तिथे काय चाललंय ते सांग. संजयाने जे घडलं ते सांगितलं. पुढे १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेच्या ७०० श्लोकांचा अर्थ सुमारे ९,००० ओव्यांत मराठी माणसाला उलगडून दाखवला. एकाने पाहिलेलं सांगितलं, दुसऱ्याने त्यातलं मर्म सांगितलं.

कधी कधी दोन्ही कामं एकच माणूस करतो. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात मुंबईचे बॉबी तल्यारखान दिवसभर एकटेच इंग्रजीतून क्रिकेटचं वर्णन करीत. माइक दुसऱ्याला द्यायला त्यांना आवडत नसे! आणि आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट पोचवणारे पुण्याचे बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेले होते. तुमच्या आजोबांना विचारा, ट्रान्झिस्टर कानाशी धरून त्यांनी तो आवाज ऐकला असेल.

आता आमच्या मैत्रिणीने पुढे काय केलं? ती लिहिते, “मग मी इतिहास सोडून दिला. ‘आजी, घोडे महाद्वारात शिरले... टाळकऱ्यांनी उड्या मारल्या... पालखी बाहेर आली! आता आपल्या खाली आली!’ असं सांगत गेले. पालखी खाली आली तेव्हा आजीने हात जोडले, अगदी बरोबर त्याच बाजूला.”

शाबास! याहून चांगली कॉमेंटरी कोणती?

तर या आठवड्याचा अभ्यास. डोळे मिटून बसलेल्या कुणाला तरी पाच मिनिटं तुमच्या दारासमोरचा रस्ता सांगा. आधी फक्त दिसतं ते, रंग मागाहून. मग डोळे उघडायला लावा आणि विचारा, “सांगितलं तसंच आहे का?” उत्तर काय मिळालं ते मला नक्की कळवा.

पुढच्या वेळी ‘अँकर’. जहाजाचा नांगर बातम्यांत कसा शिरला, ते पाहू!