अठराव्या वर्षी संपणारे पालकत्व

सुखवस्तू घरातील मुलगा अठरा वर्षांचा झाला की घरात गोडधोड होते आणि त्याच्या पुढील शिक्षणाचा खर्च कसा भागवावा, याची चर्चा सुरू होते. बालगृहातील मुलगा त्याच वयाचा झाला की नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘मुक्त’ असा शेरा पडतो. कशापासून मुक्त? डोक्यावरच्या छपरापासून, दोन वेळच्या जेवणापासून आणि ‘तुझे कोण?’ या प्रश्नाला देता येणाऱ्या एकुलत्या एका उत्तरापासून! बालसंगोपन योजनेत एखाद्या कुटुंबाच्या आश्रयाने वाढणाऱ्या मुलाचीही गत निराळी नाही. महिन्याचे २,२५० रुपयांचे अनुदान अठराव्या वर्षी थांबते आणि त्याबरोबर शासनाची मायाही आटते.

शासन म्हणेल, आम्ही कायदा केला आहे. केला आहे खरा. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, व्याख्या आहे. हा आधार एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत देण्याची तरतूद नियमांत आहे. परंतु वाचकांनी त्या अधिनियमाचे ४६ वे कलम एकदा काढून पाहावे. संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य ‘देता येईल’, असे ते कलम सांगते; ‘दिलेच पाहिजे’ असे सांगत नाही. सारी मेख या एका क्रियापदात आहे. जे ‘देता येईल’ ते न देताही चालते, आणि न दिल्याबद्दल कोणा अधिकाऱ्याला जाब विचारता येत नाही. हक्काला अनुग्रहाचे रूप कसे द्यावे, याचा हा उत्तम नमुना आहे.

ज्यांच्यापर्यंत हा अनुग्रह पोहोचतो, त्यांच्या हाती काय पडते? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेनुसार महिन्याला ४,००० रुपये. पुण्या-मुंबईत या रकमेत खोली तर सोडाच, कॉट बेसिसवरची जागा आणि दोन वेळची खाणावळ यांचाही मेळ बसत नाही. शिवाय घरमालकाला अनामत रक्कम हवी, जामीन हवा, गावचा पत्ता हवा, नातेवाइकाचे नाव हवे. ज्याला हे काहीच नाही, त्याने कोठे जावे? तो जातो कंत्राटदाराकडे. ज्याला परतायला घर नाही आणि ज्याच्यासाठी भांडायला कोणी येणार नाही, असा मजूर कोणत्या कंत्राटदाराला नको असेल? मुलींच्या बाबतीत तर लग्न लावून देणे हेच पुनर्वसन मानण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. छपरासाठी पत्करलेल्या लग्नाला स्वेच्छा म्हणणे ही आत्मवंचना होय.

‘सज्ञान झालेल्यांना किती दिवस पोसायचे? ते परावलंबी होतील,’ असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांची स्वतःची मुले पंचविशीपर्यंत वडिलांच्या पैशावर शिकतात, तेव्हा हा स्वावलंबनाचा सिद्धान्त कोठे दडून बसतो? वारसा म्हणजे केवळ जमीनजुमला नव्हे. अडीअडचणीला धावणारा मामा, शिफारस करणारा काका, आजारपणात परत जाण्याचे घर हाही वारसाच असतो. अनाथाला यातले काहीच लाभत नाही. आणि समाजाने ते भरून काढले नाही, तर संधीची समानता हा शब्द पोकळ ठरतो. संविधानाच्या ३९ (च) या अनुच्छेदाने बालपणाबरोबर तारुण्यालाही शोषणापासून आणि परित्यागापासून संरक्षण देण्याचे तत्त्व घालून दिले आहे. तारुण्याचा हा उल्लेख राज्यकर्त्यांच्या नजरेतून निसटला काय?

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस आणि दिव्यांग मुलांना आयुष्यभराचा आसरा दिला. अठरा वर्षांनंतर अशा मुलांना बाहेर काढू नये, त्यासाठी कायदा करावा, ही मागणी ते वर्षानुवर्षे करीत आले. २०२४ साली शासनाने त्यांना पद्मश्री दिली. मागणी मात्र तशीच राहिली. त्याच आश्रमात वाढलेली एक अंध मुलगी त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठराव्या वर्षी तिला दाराबाहेर काढले असते, तर ही परीक्षा तिने कोणत्या फलाटावर बसून दिली असती?

महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांसाठी शासकीय नोकरीत व शिक्षणात १ टक्का आरक्षण दिले, हे पाऊल स्वागतार्हच होते. पण आरक्षणाच्या दारापर्यंत पोहोचायला पदवी लागते, आणि अठरा ते बावीस या वर्षांत पोटाला अन्न लागते. दार उघडायचे आणि वाट मोडायची, याला न्याय म्हणत नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. ४६ व्या कलमातील ‘देता येईल’ जाऊन तेथे ‘दिले पाहिजे’ यावे. तेविसाव्या वर्षापर्यंतचा आधार अपवाद न राहता हक्क व्हावा. प्रत्येक जिल्ह्यात मुलामुलींसाठी अनुरक्षणगृह असावे. आधारपत्र, अनाथ प्रमाणपत्र आणि बँकेचे खाते हाती दिल्याशिवाय एकाही मुलाला संस्थेबाहेर पाठवू नये. खोलीची अनामत शासनाने भरावी आणि जामीनही शासनानेच राहावे.

मुंबई प्रांताने १९२४ साली मुलांचा कायदा केला, त्याला आता शतक उलटून गेले. शंभर वर्षे पालक म्हणवून घेणाऱ्या शासनाला, पालकत्व वाढदिवसाच्या तारखेला संपत नसते, हे आणखी किती पिढ्यांनी रस्त्यावर राहून शिकवायचे?