वाटाघाटी, वीज आणि व्याज

दरवर्षी नोव्हेंबर आला की दोन गोष्टी हमखास होतात. आपल्याकडे सबमिशनची धावपळ सुरू होते आणि जगात कुठेतरी हवामान परिषद भरते. दोन्हीकडे जागरणं, दोन्हीकडे मुदतवाढ, आणि दोन्हीकडे शेवटच्या क्षणी काहीतरी खोडून काहीतरी घुसडून सही घेतली जाते! फरक इतकाच, की आपलं सबमिशन एकदाचं संपतं. त्यांचं १९९२ च्या रिओ परिषदेपासून चालूच आहे.

आता २०२१ ची ग्लासगोची परिषद घ्या. मसुद्यात कोळशाची वीज 'टप्प्याटप्प्याने बंद' करावी असं लिहिलं होतं. अगदी शेवटी भारताच्या आग्रहामुळे ते 'टप्प्याटप्प्याने कमी' असं झालं. अध्यक्ष आलोक शर्मा यांना बोलताना भरून आलं, त्यांनी सगळ्यांची क्षमा मागितली. परदेशी वृत्तपत्रांनी आपल्याला खलनायक ठरवलं. आपल्याकडच्यांनी उलट सुनावलं, की बाबांनो, अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि आपल्याकडे सुमारे २ टन. आधी तुमचं बघा! आपली बाजू खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण एका शब्दावरून एवढं रामायण झालं, आणि ज्या आकड्यावर हे सगळं अडलंय तो आकडा मात्र कुणाच्या तोंडी आला नाही. तो आकडा म्हणजे व्याजाचा दर.

हसू नका, कॅल्क्युलेटर काढा. समजा, एक मेगावॉटचा सौर प्रकल्प चार कोटी रुपयांत उभा राहतो. रात्र, ढग, धूळ सगळं जमेस धरून तो वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या २० टक्के वीज देतो असं मानू. म्हणजे ८७६० तास गुणिले ०.२, वर्षाला साधारण साडेसतरा लाख युनिट. आता हे चार कोटी २० वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता येतो सुमारे साडेएकोणतीस लाख, म्हणजे युनिटमागे १ रुपया ६८ पैसे. व्याज १० टक्के असेल तर हप्ता ४७ लाख, म्हणजे युनिटमागे २ रुपये ६८ पैसे. पॅनेल तेच, इन्व्हर्टर तोच, सूर्यही तोच. फरक बरोब्बर एक रुपयाचा, आणि तो सगळा व्याजाचा!

कोळशाचं असं नसतं. कोळशाच्या केंद्राला इंधन रोज लागतं. आज जाळलं त्याचे पैसे आज, उद्याचे उद्या. सूर्य आणि वारा फुकट आहेत, पण ते पकडायची यंत्रं मात्र पहिल्याच दिवशी सगळे पैसे मागतात. एक म्हणजे खाणावळीचा महिन्याचा डबा, आणि दुसरं म्हणजे घर बांधून त्यात स्वयंपाकघर उभं करणं. घर बांधायला कर्ज लागतं, आणि कर्ज आलं की बँकेचा दर आला. म्हणून ज्या देशात पैसा महाग, त्या देशात स्वच्छ वीज महाग. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पाहणीनुसार सौर प्रकल्पासाठी लागणारं भांडवल विकसनशील देशांत श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक महाग पडतं. धुळ्याला हॅम्बुर्गपेक्षा कितीतरी जास्त ऊन आहे. पण उन्हानं कमावलेलं व्याजात जातं!

या चष्म्यातून परिषदांकडे बघा, म्हणजे भांडण कळायला लागतं. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी सांगितलं, २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. ते आकड्यात जमले २०२२ साली, म्हणजे दोन वर्षं उशिरा, आणि त्यातलाही मोठा भाग कर्जाचा. २०२३ मध्ये दुबईला ठरलं, की २०३० पर्यंत जगातली अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करायची. टाळ्या झाल्या. मग २०२४ मध्ये बाकूला पैशाचा विषय निघाला. विकसनशील देश १३०० अब्ज मागत होते. श्रीमंत देशांच्या पुढाकारानं ३०० अब्ज द्यायचं ठरलं, तेही २०३५ पर्यंत. भारताच्या प्रतिनिधीनं भर सभेत नाराजी नोंदवली. तिप्पट करा म्हणणं सोपं असतं हो, बिल आलं की सगळे खिसे चाचपतात!

आणि परदेशी कर्ज स्वस्त दिसलं तरी ते डॉलरमध्ये फेडायचं असतं. २०१० च्या सुमारास डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस तो पंच्याऐंशीच्या वर गेला. वीज विकायची रुपयात आणि हप्ता द्यायचा डॉलरमध्ये, ही कसरत वीस वर्षं कोण करणार? म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्या प्रतिनिधींनी नुसता अब्जांचा आकडा मागू नये. रुपयाच्या घसरणीचा धोका कोण उचलणार आणि व्याज किती लावणार, हे दोन प्रश्न टेबलावर ठेवावेत.

स्वस्त आणि लांब मुदतीचा पैसा मिळाला तर काय उभं राहतं, ते बघायला लांब जायला नको. अकोले तालुक्यातलं घाटघर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ट्रेकच्या निमित्तानं पाहिलंय. तिथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. वीज उरली की खालचं पाणी वरच्या धरणात चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. म्हणजे पाण्याची बॅटरीच. २००८ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाला जपानचं सवलतीचं कर्ज मिळालं होतं. आज दुपारी सौर वीज उतू जाते आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी सूर्य घरी गेलेला असतो, तेव्हा अशीच साठवण लागते. २०२५ च्या मध्याला देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोचला, याचा अभिमान जरूर बाळगू. पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेतली सुमारे तीन चतुर्थांश कोळशातूनच आली. क्षमता आणि निर्मिती यांतला फरक वायव्हात विचारतात, तो हाच. ही दरी भरायला साठवण आणि वाहिन्या हव्यात, आणि त्यांचेही पैसे पहिल्याच दिवशी लागतात.

इथपर्यंत सगळा दोष परक्यांचा. पण त्या एका रुपयातले काही पैसे आपल्याच घरातले आहेत, हे कोण बोलणार? सावकार व्याज वाढवतो ते दोन कारणांनी. एक, त्याच्याकडे पैसा महाग असतो. दुसरं, समोरचा बुडवील अशी भीती असते. २०१९ साली आंध्र प्रदेशात नवं सरकार आलं आणि त्यानं पवन व सौर प्रकल्पांशी आधीच झालेले करार नव्यानं घासाघीस करण्यासाठी उकरून काढले. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं मूळ दरानंच पैसे द्यायला सांगितलं. पण मधल्या काळात गुंतवणूकदारांनी जो धडा घ्यायचा तो घेतलाच. वितरण कंपन्यांची थकबाकी, गळती आणि आकडे टाकून चोरलेली वीज, हे सगळं शेवटी व्याजाच्या दरात जाऊन बसतं.

याच्या उलट उदाहरण मध्य प्रदेशातल्या रीवाचं. ७५० मेगावॉटच्या त्या प्रकल्पात वेळेवर पैसे मिळण्याची पक्की व्यवस्था आणि राज्य सरकारची हमी होती, जमीन आधीच तयार होती. २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर उतरला २ रुपये ९७ पैशांवर. वर्षभर आधी राजस्थानात ४ रुपये ३४ पैसे हा दर स्वस्त म्हणून गाजला होता! पॅनेल मधल्या काळात स्वस्त झाली हे खरं, पण विश्वासही स्वस्त पडला. त्यासाठी कुठल्याही परिषदेची वाट पाहावी लागली नाही.

आणि काही कामं तर साठवणीशिवायही होतात. आपल्याकडे शेतीच्या पंपांना वर्षानुवर्षं पाळीनं वीज मिळत आली. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन, बिबट्या-सापाच्या भीतीत पाणी द्यायला जातो. २०१७ पासून राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प आणि त्यातून शेतीच्या फिडरला दिवसा वीज. मागणीच उन्हाच्या वेळेला नेली, की तेवढी बॅटरी वाचली. आणि शेतकऱ्याची झोपही. ज्याच्या गावात अजून रात्रीची पाळी आहे, त्याला ग्लासगोच्या शब्दापेक्षा ही वाहिनी मोठी.

मित्रहो, आपण इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सवरून पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पण पुढच्या वीस वर्षांत कोळसा किती हटेल हे पॅनेलच्या कार्यक्षमतेइतकंच त्या विषयावर ठरणार आहे. परिषदेत आपल्या देशानं हक्कानं भांडावंच, पण घरचा हिशेब चोख ठेवून. आणि यंदाच्या बीईच्या प्रोजेक्टमध्ये कुणी सौर पंपाचं मॉडेल करणार असेल, तर शेवटच्या पानावर एक तक्ता जरूर टाका: हाच पंप ४ टक्क्यांनी केवढ्याला आणि १० टक्क्यांनी केवढ्याला. एक्स्टर्नल विचारेल न विचारेल, आपल्याला तरी कळेल की घोडं नेमकं कुठे अडलंय. बघा पटतंय का!