वाईनच्या बाटल्यांचा विमा? हसण्याआधी घराची पॉलिसी काढून बघा

परवा कट्ट्यावर एका मित्राने विचारलं, "माझ्याकडच्या वाईनचा विमा निघतो का रे?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. कोणीतरी म्हणालं, "आता लोणच्याच्या बरण्यांचापण काढ."

तर या मित्राकडे साठेक बाटल्या आहेत. दहा वर्षांत एकेक करून जमवलेल्या. काही आपल्याच नाशिकच्या वायनरींतल्या, काही बाहेरून आणलेल्या. त्यासाठी वेगळा फ्रिज घेतलाय. सगळं धरून दीड-पावणेदोन लाखांचा ऐवज. हसणं संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, "स्कूटरचा विमा दरवर्षी भरतो ना आपण? ती सत्तर हजारांची आहे."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मी त्याला विचारलं, घराचा विमा आहे का? म्हणाला, "असणारच, कर्ज देताना बँकेने काढला होता." कागद कुठाय ते माहीत नाही. दोन दिवसांनी सापडला. २०१८ ची पॉलिसी, दहा वर्षांसाठी, फक्त इमारतीची. म्हणजे भिंती आणि स्लॅबचा विमा आहे. फ्रिज, टीव्ही, कपाट, बाटल्या यांतल्या कशाचाच नाही. आठ बाय दहाच्या कट्ट्यावर बसलेल्या सहा जणांपैकी चौघांची हीच गत निघाली. उरलेल्या दोघांकडे पॉलिसीच नव्हती.

म्हणून हा पोस्टप्रपंच.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ती ठरवून दिली आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, दंगल, हे सगळं त्यात येतं. इमारतीचा विमा घेतला की रोजच्या वापरातल्या सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. भाड्याने राहणाऱ्याला फक्त सामानाचीही घेता येते. योजना म्हणून चांगली आहे, हे मान्य करायला हवं.

पण खाचाखोचा आहेत, आणि आपण फसतो ते तिथेच.

पहिली गोष्ट, दागिने, चांदीची भांडी, चित्रं, जुन्या दुर्मिळ वस्तू या 'मौल्यवान' गटात जातात. त्यांचं संरक्षण आपोआप मिळत नाही, वेगळं मागून घ्यावं लागतं. ते आधी ठरवलेल्या किमतीवर असतं. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर किमतीचा दाखलाही लागत नाही. इतकं सोपं आहे, पण हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? मला तरी नाही.

दुसरी गोष्ट, चोरी. या पॉलिसीत चोरीचं संरक्षण आहे ते फक्त आग, पूर असं काही घडल्यानंतरच्या ७ दिवसांत झालेल्या चोरीला. तुम्ही गावी गेलात आणि घर फोडलं, तर यातून काही मिळणार नाही. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. घरात सोनं ठेवणाऱ्या प्रत्येक आईला-मावशीला हे एकदा समजावून सांगा.

आता मित्राच्या बाटल्या. पॉलिसीच्या दोन्ही गटांत उदाहरणं दिली आहेत, त्यांत वाईनचं नाव नाही. म्हणून एजंटच्या "हो हो, होऊन जाईल" यावर विसंबायचं नाही. कंपनीला ईमेल करून विचारायचं आणि मान्य केलं तर ते पॉलिसीत लिहून घ्यायचं. तसं लिहून घेतलं तरी आणखी एक मेख आहे. मे महिन्यात चाळिशीच्या उन्हात फ्रिज बंद पडला आणि वाईन खराब झाली, तर ते नुकसान यात बसत नाही, कारण यंत्र बिघडणं हे संकटांच्या यादीतच नाही. परदेशात वाईनसाठी असा खास विमा मिळतो. आपण स्वतःला वाईनची राजधानी म्हणवतो, त्या गावात त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

आणि बिलं जपा. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, बाळगण्यावर परवान्याचे आणि मर्यादेचे नियम आहेत. ते तपासून घ्या. नियमात न बसणाऱ्या साठ्याचा क्लेम घेऊन कुठल्या तोंडाने जाणार?

काही जण म्हणतील, वाईन ही श्रीमंतांची चैन, तिचं काय कौतुक! मुद्दा वाईनचा नाहीच. प्रत्येक घरात असं काहीतरी जमवलेलं असतं. आजीच्या पैठण्या, वडिलांची पुस्तकं, तबला-पेटी. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं तेव्हा आपण पुलावर मोबाइल घेऊन उभे होतो. सराफ बाजार आणि भांडी बाजाराकडच्या लोकांनी त्याच वेळी घरातलं काय काय चिखलातून काढलं ते आठवा. पंचनामा होतो, कपडे-भांड्यांसाठी ठरलेली मदत मिळते. ती लागतेच, पण तेवढ्यात संसार परत उभा राहत नाही.

आता सरकारबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. चांगलं झालं. पण घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच आहे. पूर आला की तिजोरीतून मदत वाटायची आणि जो स्वतःच्या खिशातून आधीच सोय करतो त्याच्याकडून कर घ्यायचा, हे मला तरी पटत नाही. हा कर जायला हवा, आणि आपल्या खासदारांनी तो विषय मांडायला हवा.

बँकांनाही सांगायला हवं. हप्ता आमच्याकडून घेता ना? मग पॉलिसीची प्रत हातात द्या आणि घरातलं सामान त्यात आहे की नाही, हे मराठीत एका ओळीत लिहून द्या. फार मोठं मागणं नाही.

आपण काय करायचं? घराची पॉलिसी शोधा. 'सामान' या शब्दासमोर काय लिहिलंय ते बघा. मोबाइल घेऊन प्रत्येक खोलीचा, प्रत्येक कपाटाचा व्हिडिओ काढा, बिलांचे फोटो काढा आणि ते घराबाहेर, म्हणजे मुलीच्या किंवा भावाच्या फोनवरही पाठवून ठेवा. सोसायटीची पॉलिसी असेल तर ती बहुतेक इमारतीपुरतीच असते, तेही सेक्रेटरींना विचारून घ्या. जूनच्या आत हे उरका.

मित्राने कंपनीला ईमेल टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहितो. तोवर तुमच्या पॉलिसीत सामान निघालं की नाही, ते कमेंटमध्ये सांगा.