आपला पोरगा दुसऱ्या संघात

सिडनीत रग्बी लीगचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे. तिथल्या वेस्ट्स टायगर्स क्लबच्या युवा संघांतून वर आलेला लॅकलन गॅल्विन २०२५मध्ये हंगाम सुरू असतानाच त्याच शहरातल्या बुलडॉग्ज संघाकडे गेला. वय १९. टायगर्सचे चाहते भडकले.

डॉक्टर म्हणून मी या रागाची थट्टा करणार नाही. २००६च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे प्रसंग २.६६ पट झाल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. संघाशी नाते इतके आतवर जाते. मग डोळ्यांसमोर वाढलेला मुलगा जाणे जिव्हारी लागणारच.

पण शिवीगाळ हा त्यावरचा उपचार नव्हे. आमच्या सरकारी रुग्णालयात शिकलेला निवासी डॉक्टर खासगीत गेला की मीही चार दिवस घुश्शात असतो. तरी त्याला सत्तरीपर्यंत प्रॅक्टिस करता येते. रग्बीपटूची कमाईची वर्षे तिशीच्या आसपास सरत येतात आणि टकरींचे परिणाम पुढे सोबत राहतात. वारंवारच्या आघातांमुळे होणारा मेंदूचा आजार दोन माजी ऑस्ट्रेलियन लीग खेळाडूंमध्ये आढळल्याचे २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. जर्सी क्लबची, मेंदू मात्र त्याचा स्वतःचा. तो कुठे पणाला लावायचा, हे त्यालाच ठरवू द्यावे.

राग आला तर फोन घरी ठेवून तासभर चालून या. एकोणीस वर्षांच्या पोराला काय लिहायचे, ते परतल्यावर ठरवा. बहुधा काहीच लिहावेसे वाटणार नाही.